घर बांधण्याआधी गावाचा नकाशा वाचा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्याच्या जमिनीखाली चुनखडी आहे, कोळसा आहे, आणि वर कापूस-सोयाबीनची काळी वावरे आहेत. गेल्या चार दशकांत आवारपूर, गडचांदूर, उपरवाही आणि नारंडा येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांनी आपल्या कायम कामगारांसाठी वसाहती बांधल्या. तिथे रस्ते सरळ आहेत, नळाला पाणी आहे, शाळा आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण कारखान्याच्या फाटकातून आत जाणारा प्रत्येक माणूस वसाहतीत राहत नाही. कंत्राटी कामगार, ट्रकचालक, गॅरेजवाला, किराणा दुकानदार, शिक्षक, खाणीत जमीन गेल्यावर नव्या ठिकाणी आलेले कुटुंब, या सगळ्यांनी गडचांदूर, नांदा फाटा, बिबी आणि कोरपना येथे जागा शोधली. ती जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी वावरात पाडलेल्या प्लॉटवर मिळाली. पुढे गडचांदूरला नगर परिषद आणि कोरपन्याला नगर पंचायत झाली. पण नियोजनाचे अधिकार असलेली संस्था येईपर्यंत बरीचशी वस्ती आपापल्या सोयीने बसून गेली होती. रस्ता कुठे वळतो, नाली कुठे संपते, शाळेला मैदान आहे की नाही, हे प्लॉट पाडणाऱ्याच्या फुटपट्टीने ठरले. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की घर घेणाऱ्याने फक्त आपल्या प्लॉटचे कागद तपासून भागत नाही. कोणत्या जमिनीवर वस्ती व्हावी हा निर्णय गावाच्या नकाशावर आधी होतो, आणि त्या निर्णयात भाग घेणे हे घर बांधण्याच्याच कामाचा पहिला टप्पा आहे.

अनेकांना वाटते की आपल्याकडे जागेची टंचाई आहे. मुंबई-पुण्यात तसे म्हणता येईल. कोरपना किंवा गडचांदूरच्या चारही बाजूंना मोकळी वावरे दिसत असताना ते पटत नाही. टंचाई आहे ती कायदेशीर रहिवासी जमिनीची, आणि तीही वेळेवर मिळण्याची. शेती एकराच्या भावाने विकली जाते, प्लॉट चौरस फुटाच्या भावाने. या दोन भावांतली दरी जिथे मोठी असते आणि अकृषक परवानगी, मंजूर लेआउट, मोजणी यांना वेळ लागतो, तिथे मधला मार्ग काढणारा माणूस हजर होतोच. तो शेताचे तुकडे पाडतो, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून करारनामे लिहून देतो किंवा सातबाऱ्यावर दहा-वीस जणांची सामाईक नावे चढवतो आणि निघून जातो. हा प्रकार किती पसरला याचा पुरावा सरकारच्या कायद्यांतच आहे. अशा तुकड्यांचा, म्हणजे गुंठेवारीचा, विकास नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतची प्रकरणे नियमित होणार होती. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ती मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० करावी लागली. शेतीचे लहान तुकडे रोखणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याखालील जिरायतीचे किमान प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे केले गेले. आणि २०२५ मध्ये १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात नागरी हद्दीत झालेले तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचे पाऊल सरकारने उचलले. जवळपास साठ वर्षांचे व्यवहार एका फटक्यात नियमित करावे लागतात याचा अर्थ, कायदा एका बाजूला राहिला आणि लोकांची घरे दुसऱ्या बाजूला वाढत गेली.

उशिरा का होईना नियमित होते ना, मग बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. मधल्या वर्षांत काय होते ते पाहा. बँक गृहकर्ज देत नाही, कारण तारण ठेवण्यासारखा स्वच्छ कागद नसतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अनुदान ठरले. पण जागेच्या मालकीचे कागदच नसतील तर ज्याला त्या पैशांची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो. रस्त्याची जागा कुणाच्या नावावर आहे हे स्पष्ट नसल्याने डांबरीकरण अडते. आणि नियमितीकरणाने कागद सुधारला तरी बारा फुटांची गल्ली तीस फुटांची होत नाही. पूरपट्ट्यातले घर उंचावर जात नाही. चुकीच्या जागी बसलेली वस्ती शिक्क्याने योग्य जागी येत नाही. म्हणून खरे काम आधीचे आहे.

घेण्याआधी काय पाहावे

जमिनीचा झोन ठरवणारे कागद समजून घेतले की निम्मे काम होते. नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीत हा झोन विकास आराखड्यात असतो. हद्दीबाहेर प्रादेशिक योजना लागू असेल तर तिच्यात असतो. दोन्हींचा पाया महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्या झोनमध्ये काय आणि किती बांधता येते, रस्ता किती रुंद हवा, बाजूला किती जागा सोडावी, हे डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे ज्याला यूडीसीपीआर म्हणतात ती, सांगते. मुंबई आणि मोजके अपवाद सोडले तर राज्यभर एकच नियमावली आहे. त्यामुळे पुण्यातल्या वास्तुविशारदाला लागू असलेला नियम गडचांदूरच्या वास्तुविशारदालाही लागू आहे, आणि 'आमच्याकडे असेच चालते' हे उत्तर आता चालत नाही.

प्लॉट पसंत पडला की इसार देण्याआधी गट नंबर घेऊन झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा मागा. नगर परिषद हद्दीत तो तिथल्या नगररचना विभागाकडून मिळतो, बाहेर असेल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात विचारावे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आहे की दोन हे पाहा. वर्ग दोनची जमीन शासनाच्या अटींनी बांधलेली असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर अधिकारांच्या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, वाटणीचा वाद, संपादनाची नोंद आहे का ते वाचा. मागचे फेरफार किमान तीस वर्षांचे काढा. गावठाणातली किंवा नगर भूमापन झालेली जागा असेल तर आखीव पत्रिका मागा. लेआउट मंजूर असल्याचे विकणारा सांगत असेल तर मंजुरीचा आदेश क्रमांक, तारीख आणि शिक्क्याचा नकाशा पाहा, आणि तो नकाशा कार्यालयातल्या प्रतीशी ताडून घ्या. लेआउटच्या छापील पत्रकावरचे 'प्रस्तावित उद्यान' मंजूर नकाशात नसेल तर ते उद्यान नाही. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीतून पाडून विकले जात असतील तर त्या प्रकल्पाची महारेरात नोंदणी हवी, आणि ती महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

अकृषकतेबद्दल बराच गोंधळ असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१४ पासून ४२-अ ते ४२-ड ही कलमे आली आणि वेगळी अकृषक परवानगी घेण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. अंतिम विकास आराखड्यात जमीन रहिवास विभागात असेल किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर रूपांतरण कर वगैरे भरून ती अकृषक मानली जाते. म्हणजे झोन योग्य असेल तर कागद सोपा आहे. उलट, शेती विभागातल्या जमिनीचा प्लॉट 'एनए होऊन जाईल' या भरवशावर घेणे हा जुगार आहे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हा गावठाणाबाहेर बांधकामाची परवानगी ठरत नाही, आणि घरटॅक्सची पावती मालकी सिद्ध करत नाही. या दोन कागदांवर विसंबून फसलेली कुटुंबे महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. दुसरीकडे, नियमाने जाणाऱ्याला नियमावलीने सोयही दिली आहे. मंजूर लेआउटमधला प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल, आणि आपल्याकडचा दीड हजार फुटांचा प्लॉट त्यातच बसतो, तर परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या सहीचा नकाशा आणि शुल्काची पावती जमा करून काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगीची तरतूद आहे. परवानगीला वर्षे लागतात ही तक्रार मंजूर लेआउटमधल्या छोट्या घराला आता फारशी लागू नाही.

आता या भागाचे खास प्रश्न. पहिला पुराचा. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि पुढे वर्धेला मिळते. वर्धेला पूर आला की भोयेगावच्या पुलावरून चंद्रपूरची वाट बंद होते, हे इथल्या लोकांना सांगायला नको. चंद्रपूर शहरात इरई नदीच्या पूररेषेत वस्त्या बसल्या आणि आता तिथल्या रहिवाशांना घरात पाणी आणि कागदात अडचण अशा दोन्ही बाजूंनी त्रास होतो. नियमावली दोन रेषा मानते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ आणि निळी रेषा यांच्या मध्ये घर बांधता येत नाही; निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवे. या रेषा नकाशावर आहेत का, नसतील तर पाटबंधारे विभागाने त्या आखल्या आहेत का, हे विचारावे. उन्हाळ्यात प्लॉट पाहून व्यवहार करू नये. पावसाळ्यात एकदा उभे राहून पाहावे.

दुसरा प्रश्न खाणींचा. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्याच घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडून जावे लागले. वर वस्ती आणि खाली पोकळी, ही माहिती कुठल्या तरी कार्यालयातल्या नकाशावर असते, पण प्लॉट घेणाऱ्याच्या हातातल्या सातबाऱ्यावर नसते. म्हणून कोळसा पट्ट्यात जमीन घेताना १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र संपादन कायद्याखाली कलम ४, ७ किंवा ९ ची अधिसूचना त्या गावाला लागली आहे का, हे तहसील किंवा कोळसा कंपनीच्या कार्यालयात विचारणे भाग आहे. कलम ७ च्या अधिसूचनेनंतर हितसंबंधितांना हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. कलम ९ च्या घोषणेनंतर जमीन केंद्र सरकारकडे जाते, आणि ती पुढे कंपनीला दिली जाते. चुनखडीच्या खाणपट्ट्याची हद्दही अशीच विचारून घ्यावी. आज शंभर एकरांपलीकडे असलेले खाणीचे तोंड पुढच्या दहा वर्षांत कोणत्या बाजूला सरकणार आहे, ते खाणपट्ट्याच्या हद्दीवरून कळते.

तिसरा प्रश्न इतिहासाचा आणि आदिवासी जमिनींचा. आजच्या कोरपन्याचा प्रदेश जुन्या राजुरा तालुक्यातला, आणि राजुरा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या नोंदी, कुळांचे हक्क आणि इनामांचे उल्लेख उर्वरित चंद्रपूर जिल्ह्यापेक्षा वेगळ्या मुळांतून आलेले असू शकतात. ते उलगडणारा जाणकार गाठूनच व्यवहार करावा. जुन्या राजुरा तालुक्याचा काही भाग १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाखाली शासनाची पूर्वमान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिच्याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, आणि १९७४ च्या कायद्याने अशा जमिनी मूळ मालकाला परत देण्याची व्यवस्था केली आहे. कोलाम आणि गोंड कुटुंबांच्या जमिनी स्टॅम्प पेपरवर घेऊन त्यावर पाडलेला प्लॉट कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये. हे कायद्याने तर आहेच, न्यायानेही आहे.

आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा

वरची सगळी दक्षता एका प्लॉटपुरती आहे. शहराचा झोनच चुकीचा आखला गेला तर दक्ष माणसालाही योग्य प्लॉट मिळत नाही, कारण बाजारात तो नसतोच. म्हणून विकास आराखडा तयार होण्याच्या टप्प्यांकडे वळू. नियोजन प्राधिकरण आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो. मग कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना देऊन प्रसिद्ध होतो आणि ३० दिवसांत हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते, अहवाल देते, आणि शेवटी शासन कलम ३१ खाली मंजुरी देते. एकदा मंजूर झालेला आराखडा साधारण वीस वर्षे शहराचा हात धरून चालतो. पूर्ण वीस वर्षांच्या निर्णयावर सामान्य नागरिकाच्या शब्दाला कायद्याचे वजन असते ते या ३० दिवसांत. मधल्या काळात एखाद्या जमिनीचा झोन बदलायचा असेल तर कलम ३७ खाली फेरबदल होतो. तेव्हाही सूचना निघते आणि हरकतीची मुदत मिळते. ही सूचना बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. वॉर्डातल्या दोन तरुणांनी नगर परिषदेचा सूचना फलक आणि संकेतस्थळ पाहत राहण्याची जबाबदारी घेतली तर ती सुटणार नाही.

इथे एक सावधगिरी. माहितीच्या अधिकारात अर्ज करून नकाशे मागवू, असे अनेकांना सुचते. पण माहिती देण्याची मुदतही ३० दिवसांचीच आहे. उत्तर येईपर्यंत हरकतीची वेळ संपलेली असेल. म्हणून प्रारूप जाहीर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन नकाशा प्रत्यक्ष पाहावा आणि विक्रीस ठेवलेली प्रत व अहवाल विकत घ्यावा. माहितीचा अधिकार आधी वापरावा, म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशाच्या टप्प्यावर. त्या नकाशातली चूक सर्वांत स्वस्तात दुरुस्त होते. नाला असेल तिथे नाला दाखवला आहे का, पांदण रस्ता दाखवला आहे का, लोक पन्नास वर्षे राहत असलेली वस्ती 'मोकळी जमीन' म्हणून रंगवली आहे का, हे तेव्हाच पाहावे.

हरकत लिहिताना भावनेपेक्षा गट नंबर महत्त्वाचा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करावा. प्रारूपातल्या नकाशाचा आणि प्रस्तावाचा क्रमांक, जागेचा गट नंबर, नेमका आक्षेप, त्याचे कारण आणि पर्यायी सूचना, या क्रमाने दोन पानांत मांडावे. सातबारा, मोजणीचा नकाशा, पुराच्या पाण्याची खूण दाखवणारे छायाचित्र जोडावे. पोच घ्यावी. सुनावणीला बोलावणे आले की जावे, आणि तिथे जे बोलले ते लेखीही द्यावे. सगळ्या वॉर्डाने एकाच छापील मजकुरावर सह्या केल्या तर तो एक मुद्दा म्हणून मोजला जातो. दहा कुटुंबांनी दहा वेगवेगळ्या जागांबद्दल पुराव्यासह लिहिले तर समितीला दहा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

मागावे काय, हे त्याहून महत्त्वाचे. बहुतेक हरकती 'माझ्या जमिनीवरचे आरक्षण काढा' एवढ्यावर थांबतात. त्या पलीकडे जाऊन चार मागण्या कराव्यात. पहिली, गावठाणालगत आणि आधीच रस्ता-पाणी असलेल्या बाजूला पुरेशी जमीन रहिवास विभागात घ्या, म्हणजे स्वस्त आणि कायदेशीर प्लॉट एकाच जागी मिळेल. दुसरी, राजुरा-गडचांदूर-कोरपना-आदिलाबाद रस्त्याच्या दोन्ही कडांनी लांबच लांब दुकाने आणि घरे पसरू देऊ नका. जड वाहनांच्या रस्त्याला चिकटलेली वस्ती अपघात आणि धूळ दोन्ही ओढवून घेते. तिसरी, कारखाने, खाणी आणि मालगाडीच्या मार्गाजवळ घरांऐवजी झाडांचा पट्टा, गोदामे, ट्रक तळ यांना जागा द्या. चौथी, भाड्याने राहणाऱ्यांचा विचार करा. कंत्राटी कामगाराला आज प्लॉट नको, एक स्वच्छ खोली हवी असते. म्हणून मुख्य बाजाराजवळ दोन-तीन मजली घरांना परवानगी सोपी हवी. सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांनी गडचिरोली जिल्ह्यात जी हालचाल सुरू केली आहे, तिच्यामागून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली भागात हाच प्लॉटचा व्यवहार येणार आहे. तिथल्या लोकांनाही या मागण्या आतापासूनच करता येतील.

शंका आणि त्यांची उत्तरे

शेतकऱ्याची शंका रास्त आहे: आराखडा म्हणजे आरक्षण, आरक्षण म्हणजे जमीन अडकली, पैसा कधी मिळेल ठाऊक नाही. आराखड्यांचा अनुभव ही भीती खोटी ठरवत नाही. पण कायद्याने मालकाला साधने दिली आहेत. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षांत संपादन झाले नाही तर कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत प्राधिकरणाने पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. समावेशक आरक्षणात मालक जागेच्या काही भागात सार्वजनिक सुविधा बांधून देतो आणि उरलेला भाग स्वतः वापरतो. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, कागदावर आपल्याकडेही मिळतो. मात्र छोट्या गावात तो विकत घेणारा बांधकाम व्यावसायिक नसेल तर त्याचे पैसे होत नाहीत, हे ओळखूनच तो स्वीकारावा. त्याहून न्याय्य मार्ग नगररचना योजनेचा आहे. त्यात शेजारच्या सगळ्या शेतांची एकत्र आखणी होते, प्रत्येकाच्या जमिनीतून ठरावीक हिस्सा रस्ते आणि सुविधांना जातो आणि उरलेला आखीव भूखंड रस्त्यासह मालकाला परत मिळतो. एकाचेच वावर मैदानाखाली जाण्यापेक्षा सगळ्यांनी थोडे थोडे देणे बरे. शेतकऱ्यांनी आरक्षणाला नुसता नकार देण्याऐवजी अशी योजना मागितली तर जमीनही वाचते आणि भावही मिळतो.

दुसरी शंका गरिबाच्या बाजूने येते. नियमाचा प्लॉट महाग, गुंठेवारीचा स्वस्त. गरिबाने काय करावे? हा प्रश्न नियमांविरुद्ध वाटतो, पण तो खरे तर कमी आणि उशिरा केलेल्या झोनिंगविरुद्ध आहे. रहिवासी जमीन मोजकी ठेवली की तिचा भाव चढतो आणि गरीब माणूस शेती विभागाकडे ढकलला जातो. म्हणूनच वरची पहिली मागणी गरिबाच्या हिताची आहे. आणि हिशोब पूर्ण करायचा तर स्वस्त प्लॉटच्या किमतीत न मिळालेले कर्ज, हुकलेले घरकुल, दरवर्षी टँकरचे पाणी आणि पुढे भरावे लागणारे नियमितीकरण शुल्क धरावे लागते.

तिसरी शंका निराशेची: हरकत घेऊन कोण ऐकतो? मुंबईचा २०३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नागरिकांच्या गदारोळानंतर एप्रिलमध्येच मागे घ्यावा लागला. नवे प्रारूप पुढच्या वर्षी आले. गोव्यात लोकांच्या आंदोलनानंतर २०११ ची प्रादेशिक योजना २००७ च्या सुरुवातीला रद्द झाली. ही मोठी नावे आहेत, तिथे वर्तमानपत्रे आणि वकील आहेत, कोरपन्यात काय, असे म्हणता येईल. पण छोट्या गावात उलट फायदा आहे. नागपूर किंवा चंद्रपूरहून आलेल्या आखणीकाराला कोणता नाला जुलैमध्ये फुगतो, कोणत्या शेतातून शाळेची मुले जातात, खाणीच्या स्फोटाने कोणत्या वस्तीतल्या भिंतींना तडे गेले, हे माहीत नसते. ही माहिती पुराव्यासह देणारा माणूस क्वचितच समोर येतो, आणि जो येतो त्याचे म्हणणे नकाशात उतरण्याची शक्यता मोठ्या शहरापेक्षा अधिक असते. शिवाय, हरकत नोंदवलेली असली तरच पुढे शासनाकडे किंवा न्यायालयात जाताना हातात काही असते. मुदतीत गप्प राहिलेल्याला नंतर फार काही म्हणता येत नाही.

तेव्हा घराचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आधी आपल्या गटाचा झोन दाखला काढावा, आणि वॉर्डातल्या चार-पाच कुटुंबांनी मिळून नगर परिषदेत जाऊन विकास आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे हे लेखी विचारावे. प्रारूप आले की पहिल्या आठवड्यात नकाशा पाहा, दुसऱ्या आठवड्यात जागेवर फिरून ताडा, तिसऱ्या आठवड्यात हरकत आणि सूचना लिहून पोच घ्या. चौथा आठवडा शेजाऱ्यांना सोबत आणण्यासाठी ठेवा.